कर्नलमधली असर्शन आणि डीबग लॉग: बिल्डमध्ये काय ठरवावे, चालू यंत्रावर काय सोडावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवरच्या एका पीसीआय एक्स्प्रेस कार्डच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या, कर्नलच्या म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या आत चालणाऱ्या कोडमध्ये) शे-दीडशे असर्शन (अमुक अट खरीच असली पाहिजे, अशा तपासण्या) आणि त्याहून जास्त डीबग ओळी साठल्या आहेत. सगळ्या एकाच 'डीबग' मॅक्रोवर, म्हणजे बिल्ड करताना चालू-बंद होणाऱ्या खुणेवर, टांगलेल्या आहेत. तो चालू करून बिल्ड केले की ड्रायव्हर मंदावतो आणि ग्राहकाकडे येणारा दोष दिसेनासा होतो. बंद केले की ग्राहकाकडून हाती काहीच लागत नाही. हे सगळे नीट कॉन्फिगर करता येईल असे कसे बांधावे?

अडचणीचे मूळ त्या एका मॅक्रोत आहे. तपासणीचा खर्च, तपासणी फसल्यावर यंत्राचे काय व्हावे आणि लॉगमध्ये काय छापावे, हे तीन निर्णय त्याने एकत्र बांधले आहेत. खर्च बिल्ड करताना ठरतो, म्हणून तो केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलच्या बिल्ड-पर्यायांच्या यादीत, ठेवा. फसल्यावर यंत्र थांबवायचे की रेटत न्यायचे, हे ते यंत्र चालवणाऱ्याने ठरवायचे. त्यासाठी बूट पॅरामीटर आणि सिसकंट्रोल (चालू कर्नलची मूल्ये बदलण्याची सोय) आहेत. काय छापायचे हे तर चालू यंत्रावर, दोष समोर असताना ठरवता आले पाहिजे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने हे तिन्ही निर्णय स्वतःकडे ठेवले की तुमची आजची स्थिती येते.

पण आधी त्या दीडशे असर्शनांची छाटणी करा. असर्शन म्हणजे 'हे खोटे निघाले तर कर्नलचा कोडच चुकला आहे' असे विधान. आयोक्टलमधून (प्रोग्रामने ड्रायव्हरला आज्ञा देण्याच्या सिस्टीम कॉलमधून) आलेला आकडा मर्यादेबाहेर असणे, मेमरी न मिळणे, कार्डाने भलतेच मूल्य परत देणे यांपैकी कशातही कोड चुकलेला नसतो. पीसीआय एक्स्प्रेस कार्ड चालू असताना निघाले किंवा लिंक तुटली, तर रजिस्टर वाचल्यावर बत्तीसच्या बत्तीस बिट १ येतात. त्यावर असर्शन लावणे म्हणजे कुणी कार्ड काढले म्हणून कर्नल सदोष ठरवणे. अशा ठिकाणी साधी इफ-तपासणी, योग्य एरर कोड आणि फार तर दर-मर्यादित इशारा पुरतो. यात हलगर्जी परवडत नाही. सिझबॉट हा स्वयंचलित चाचणी-प्रोग्राम कर्नलवर सतत वेडेवाकडे सिस्टीम कॉल फेकत असतो आणि वापरकर्त्याच्या कृतीने उठणारा प्रत्येक वॉर्न, म्हणजे असर्शन फसल्यावर छापला जाणारा इशारा, दोष म्हणून नोंदवतो. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प आपले सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-दोषांचे जाहीर नोंद-क्रमांक) स्वतः देतो, आणि वापरकर्त्याला उठवता येणाऱ्या वॉर्नलाही असे क्रमांक मिळाले आहेत. कारण उघड आहे: वॉर्नवर पॅनिक होणाऱ्या, म्हणजे पूर्ण थांबणाऱ्या, यंत्रावर असा वॉर्न म्हणजे कुणालाही सर्व्हर पाडण्याची सोय.

उरलेल्यांतली बग_ऑन, म्हणजे फसल्यावर काम तिथेच मोडणारी असर्शन, जवळपास सगळी काढा. बग_ऑन फसला की चालू टास्क मारला जातो, पण त्याने धरलेली लॉक (सामायिक डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून असलेली कुलुपे) कोणी सोडत नाही. त्यांची वाट पाहणारे बाकीचे टास्क एकामागून एक अडकतात. इंटरप्ट संदर्भात फसला तर थेट पॅनिक. फाइल सिस्टीमचे लॉक त्यात सापडले तर लॉग डिस्कवर पोचतच नाही, म्हणजे जी माहिती मिळावी म्हणून असर्शन लिहिले तीच हरवते. कर्नलच्या कोडिंग शैलीच्या दस्तऐवजातही बगऐवजी वॉर्न, आणि वॉर्नमध्येही वॉर्न_ऑन_वन्स (एकदाच छापणारा) वापरा असेच सांगितले आहे. पॅनिक_ऑन_वॉर्न (पहिल्याच वॉर्नला पॅनिक) लावणाऱ्यांची चिंता करत बसू नका, हेही तिथेच आहे.

वॉर्न_ऑन_वन्सचा खरा उपयोग त्याच्या परतीच्या मूल्यात आहे. तो अटीचेच मूल्य परत देतो, त्यामुळे 'इफ वॉर्न_ऑन_वन्स(पॉइंटर नल आहे) तर मायनस ईइनव्हॅल परत कर' असे एका ओळीत लिहिता येते (ईइनव्हॅल हा 'अवैध मूल्य' असा एरर कोड). नुसता वॉर्न टाकून खाली तोच नल पॉइंटर वापरणारा कोड जागोजागी दिसतो. तिथे वॉर्नचा काही फायदा नाही, कारण पुढच्याच ओळीत ऊप्स (अवैध मेमरी-वापरासारखी कर्नलची गंभीर चूक) येणार. प्रत्येक असर्शनाशी एक प्रश्न विचारा: हे फसल्यावर फंक्शन सुखरूप बाहेर कसे पडणार? उत्तर सुचत नसेल तर तपासणी चुकीच्या जागी आहे. ती वर, कॉल करणाऱ्याकडे न्या.

'वन्स' का, तर आकडेमोड करून पाहा. एका वॉर्नमध्ये रजिस्टर, कॉल ट्रेस आणि मॉड्यूलची यादी धरून साधारण चाळीस ओळी, म्हणजे तीन हजारांच्या आसपास अक्षरे निघतात. ११५२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवर सेकंदाला ११५२० अक्षरे जातात, म्हणजे एका वॉर्नला पाव सेकंद. पॅकेटच्या मार्गात तो दर पॅकेटला उठू लागला तर कन्सोल रिकामा करणारा सीपीयू तिथेच अडकतो आणि वीस सेकंदांनी सॉफ्ट लॉकअपचा पहारेकरी ओरडू लागतो. मग लॉगमध्ये मूळ दोषापेक्षा लॉकअपचाच गोंधळ जास्त दिसतो. चाचणी करताना तोच वॉर्न पुन्हा उठवायचा असेल तर रीबूट नको. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबग-सोयी फाइल म्हणून दाखवणाऱ्या फाइल सिस्टीममधल्या) क्लिअर_वॉर्न_वन्स या फाइलमध्ये १ लिहिले की सगळे वन्स पुन्हा ताजे होतात.

खर्चाबद्दल बराच गैरसमज आहे. एक्स-८६ वर वॉर्न_ऑन म्हणजे एक तुलना, एक बहुधा न घेतली जाणारी उडी, आणि गरम (सतत चालणाऱ्या) मार्गाबाहेर ठेवलेली यूडी-२ ही दोन बाइटची अवैध सूचना. फाइलचे नाव, ओळ क्रमांक आणि झेंडे वेगळ्या बग-टेबलात असतात. ही सूचना चालली की ट्रॅप येतो (सीपीयू कर्नलच्या हाताळणी-कोडकडे वळतो), कर्नल टेबल पाहून ठरवतो की हा बग की वॉर्न, आणि वॉर्न असेल तर दोन बाइट पुढे सरकून काम चालू ठेवतो. फाइल-ओळ छापण्याची सोय डीबग_बगव्हर्बोज या पर्यायात आहे. त्याच्याच मदत-मजकुरानुसार ती ७० ते १०० केबी मेमरी घेते. अगदी लहान एम्बेडेड बोर्ड नसेल तर ती बंद करू नका. तपासणी महाग होते ती वेगळ्याच कारणाने. एरवी त्या मार्गात कोणी हात न लावलेले फील्ड तुम्ही वाचता आणि त्याची कॅश-ओळ (सीपीयूच्या जलद मेमरीत एकदम आणला जाणारा तुकडा) मुख्य मेमरीतून आणावी लागते. शंभर नॅनोसेकंदांच्या घरातला हा फटका दर पॅकेटला बसला की ड्रायव्हर मंद होतो. लिंक्ड लिस्ट पूर्ण चालून पाहणारी किंवा चेकसम काढणारी तपासणी त्याहून महाग.

म्हणून असर्शनांच्या दोनच पायऱ्या करा. हाताशी असलेल्या मूल्यावरची स्वस्त तपासणी वॉर्न_ऑन_वन्सने, कायम चालू. महाग तपासणी तुमच्या ड्रायव्हरच्या वेगळ्या केकॉन्फिग पर्यायाखाली, वेगळ्या नावाच्या मॅक्रोने. पर्याय बंद असताना हा मॅक्रो रिकामा ठेवू नका. मेमरी व्यवस्थापनातल्या व्हीएम_बग_ऑनकडे पाहा. डीबग_व्हीएम हा बिल्ड-पर्याय बंद असताना तो अटीला साइझऑफमध्ये (अट न चालवता फक्त आकार सांगणाऱ्या क्रियेत) गुंडाळतो. कंपायलर अट वाचतो, नावे आणि प्रकार तपासतो, पण एकही सूचना निर्माण करत नाही. रिकाम्या मॅक्रोत दोन रोग होतात. कोणी स्ट्रक्टमधल्या फील्डचे नाव बदलले तर डीबग बिल्ड मोडते आणि ते सहा महिन्यांनी कळते. शिवाय फक्त असर्शनात वापरलेल्या चलांवर 'न वापरलेले चल' असे इशारे येतात, आणि मग कोणीतरी ती चलेच उडवून टाकतो.

याच साइझऑफमुळे एक पथ्य येते: अटीच्या आत काहीही बदलू नका. साधा वॉर्न_ऑन आणि बग_ऑन अट नेहमी चालवतात, कॉन्फिग_बग बंद असले तरीही. व्हीएम_बग_ऑन जातीचे मॅक्रो मात्र बंद असताना अट चालवतच नाहीत. त्यात संदर्भ-गणना (वस्तू किती जण वापरत आहेत तो आकडा) एकने कमी करणारा कॉल टाकला असेल तर डीबग बिल्डमध्ये सगळे सुरळीत चालते आणि ग्राहकाकडे मेमरी गळते.

स्ट्रक्टच्या आकाराबद्दलची सगळी असर्शन रनटाइममधून काढून बिल्ड_बग_ऑन किंवा स्टॅटिक_असर्टमध्ये हलवा. कार्डाचा डिस्क्रिप्टर १६ बाइटचाच असला पाहिजे, हे बिल्ड होतानाच सिद्ध होते.

लॉकची तपासणी हा वेगळा प्रांत आहे आणि तिथे एक जुनी चूक अजून सापडते: 'स्पिन_इज_लॉक्ड नसेल तर बग'. हा कॉल लॉक कोणीतरी धरले आहे एवढेच सांगतो, तुम्ही धरले आहे असे नाही. म्हणजे दुसऱ्या सीपीयूने ते धरलेले असताना चुकीचा कोडही पास होतो. उलट एकच सीपीयू असलेल्या बिल्डमध्ये, स्पिनलॉक डीबग बंद असताना, तो नेहमी शून्य देतो आणि बरोबर कोडवर बग उडतो. त्याजागी लॉकडेप_असर्ट_हेल्ड लिहा. लॉकडेप, म्हणजे लॉकचा वापर तपासणारी कर्नलची यंत्रणा, चालू असेल तर हा कॉल चालू टास्कनेच लॉक धरले आहे का ते पाहतो. बंद असेल तर त्याचा खर्च शून्य.

मात्र लॉकडेप पहिला अहवाल दिला की स्वतःला बंद करून घेतो, आणि त्यानंतर लॉकडेप_असर्ट_हेल्डही गप्प बसतो. बूट होताना दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरमुळे लॉकडेप बोलून गेला असेल, तर तुमची रात्रभराची चाचणी लॉकबाबत काहीच तपासत नसते. चाचणीच्या शेवटी प्रॉकमधल्या (कर्नलची स्थिती फाइल म्हणून दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या) लॉकडेप_स्टॅट्स फाइलमध्ये डीबग_लॉक्सची ओळ १ आहे का ते पाहा. ० असेल तर ती चाचणी धरू नका. मॉड्यूल शेकडो वेळा लोड-अनलोड करणाऱ्या चाचण्यांत लॉक-वर्गांचे टेबलही भरते. त्याची मर्यादा ८१९२ च्या आसपास आहे, आणि ते भरल्यावरही परिणाम हाच. झोपू शकणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला माइट_स्लीप टाका, पण तो डीबग_ॲटॉमिक_स्लीप पर्यायाशिवाय इशारा देत नाही, हे लक्षात ठेवा.

आता फसल्यावरचा निर्णय. पॅनिक_ऑन_वॉर्न १ केले की पहिल्याच वॉर्नला यंत्र पॅनिक होते. केडंपसाठी (पॅनिकच्या वेळची मेमरी फाइलमध्ये जपण्यासाठी) क्रॅश-कर्नलची, म्हणजे त्या वेळी सुरू होणाऱ्या दुसऱ्या कर्नलची, मेमरी राखलेली असेल तर पूर्ण डंप मिळतो. चाचणीच्या यंत्रांवर हे कायम चालू ठेवा. ग्राहकाकडे ते चालू ठेवायचे की नाही हे ग्राहक ठरवेल. डेटा बिघडण्यापेक्षा यंत्र बंद पडलेले बरे, असे मानणारे लोक असतात आणि त्यांचे काम पाहता ते योग्यही असते. मधला मार्ग ६.२ आवृत्तीपासून आहे: वॉर्न_लिमिट दिलेल्या संख्येनंतर पॅनिक करते, तिचे मूळ मूल्य ० म्हणजे मर्यादा नाही. ऊप्स_लिमिट तशीच, मूळ मूल्य १००००. ग्राहकाकडून लॉग आला की टेंट झेंडे (कर्नलमध्ये आधी काय बिघडले त्याच्या खुणा) आधी वाचा. 'डब्ल्यू' म्हणजे याआधी वॉर्न येऊन गेला आहे, 'डी' म्हणजे ऊप्स. ऊप्सच्या ओळीत डब्ल्यू दिसला तर मागे जाऊन पहिला वॉर्न शोधा, कारण पुढचे बरेचसे त्याचे परिणाम असतात.

इतर कर्नलांनी हेच वेगळ्या तऱ्हेने सोडवले आहे. फ्रीबीएसडीचा केअसर्ट फसला की पॅनिक करतो, पण तो इनव्हेरिअंट्स पर्यायाखाली असतो. विकासाच्या शाखेतल्या जेनेरिक कर्नलमध्ये तो चालू आणि स्थिर शाखेत बंद. नेटबीएसडीत स्वस्त तपासण्या डायग्नॉस्टिकखाली, महाग डीबगखाली. इल्युमॉसमध्ये असर्ट फक्त डीबग बिल्डमध्ये आणि व्हेरिफाय नेहमीच. त्यांच्या तीन-घटकी मॅक्रोंची एक सवय उचलण्यासारखी आहे: तपासणी फसली की तुलनेच्या दोन्ही बाजूंची मूल्ये छापली जातात. तुमच्या वॉर्नमध्येही ती छापा. 'इंडेक्स आकारापेक्षा मोठा' एवढ्यावरून काही कळत नाही. इंडेक्स ४०९६ आणि आकार ४०९६ दिसले की एकाने चूक आहे हे लगेच ध्यानात येते. लिनक्समध्येच मधला रस्ता हवा असेल तर एक्सएफएस ही फाइल सिस्टीम पाहा: त्याच असर्शनांना पूर्ण डीबग, फक्त इशारा किंवा काहीच नाही असे तीन पर्याय केकॉन्फिगमध्ये आहेत, आणि डीबग बिल्डमध्ये फसल्यावर थांबायचे का हे सिसएफएसमधल्या बग_ऑन_असर्ट फाइलने चालू यंत्रावर बदलता येते.

लॉगकडे वळू. स्वतःचे डीबग मॅक्रो काढून कर्नलचे डेव्ह_डीबीजी आणि पीआर_डीबग वापरा, आणि बिल्डमध्ये डायनॅमिक डीबग चालू ठेवा. त्याने कर्नलचा मजकूर-विभाग सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. बदल्यात प्रत्येक डीबग ओळ चालू यंत्रावर वेगळी उघडता-मिटता येते. मिटलेली ओळ जंप लेबलमुळे केवळ एक रिकामी सूचना असते; उघडली की कर्नल त्या जागी उडीची सूचना घालतो. डीबगएफएसमधल्या डायनॅमिक_डीबगच्या कंट्रोल फाइलमध्ये 'मॉड्यूल', मॉड्यूलचे नाव आणि अधिक-पी असे लिहिले की त्या मॉड्यूलच्या सगळ्या ओळी सुरू होतात. डीबगएफएस नसेल तर तीच फाइल प्रॉकमध्येही असते. फाइल, फंक्शन, ओळ किंवा मजकुराच्या तुकड्यानेही निवड करता येते. ओळ क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून ग्राहकाला पाठवायच्या सूचनेत फंक्शनचे नाव द्या. एफ, एल आणि टी हे झेंडे फंक्शन, ओळ आणि थ्रेड क्रमांक जोडतात, त्यामुळे संदेशात ते हाताने छापू नका.

इथे नेहमी अडखळायला होते त्या जागा सांगतो. ओळ उघडली, डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या आज्ञेत) दिसते, पण कन्सोलवर येत नाही: डीबगची पातळी ७ आहे आणि कन्सोल आपल्या पातळीपेक्षा लहान आकड्यांचेच छापतो, म्हणून कन्सोल-पातळी ८ करा किंवा इग्नोर_लॉगलेव्हलने बूट करा. यातच एक जास्त घातक गोष्ट दडलेली आहे. 'क्वाएट' पॅरामीटरने बूट केलेल्या यंत्रात कन्सोल-पातळी ४ असते आणि वॉर्नचा मजकूरही ४ पातळीचाच असतो. सिरियलवर वॉर्न दिसला नाही म्हणून तो आलाच नाही असे समजू नका. प्रोबच्या (ड्रायव्हर कार्ड ताब्यात घेतो त्या) वेळच्या ओळी हव्या असतील तर मॉड्यूल लोड करतानाच डायनडीबीजी पॅरामीटर द्यावा लागतो, नंतर कंट्रोल फाइलला हात लावून उपयोग नाही. मेकफाइलमध्ये विसरलेली डीबग व्याख्या राहिली असेल तर सगळ्या ओळी सुरुवातीपासूनच उघड्या असतात. आणि पत्ते: ४.१५ पासून साधा पॉइंटर हॅश होऊन, म्हणजे खरा पत्ता लपवणाऱ्या आकड्यात बदलून, छापला जातो. खरे पत्ते हवेच असतील तर प्रयोगशाळेत नो_हॅश_पॉइंटर्सने बूट करा, कोडमध्ये कच्चे पत्ते छापून ग्राहकाला देऊ नका.

मिटलेल्या ओळीचे आर्ग्युमेंट काढले जात नाहीत, पण कॉलच्या आधी स्वतंत्र ओळीत तुम्ही स्ट्रिंग तयार करत असाल तर तो खर्च दर वेळी होतो. बफर दाखवायला हेक्स-डंपचा फॉरमॅट वापरा. प्रिंटके या कर्नलच्या छपाई-फंक्शनचा स्वतःचा फॉरमॅट ६४ बाइटपर्यंत देतो, पुढे प्रिंट_हेक्स_डंप_डीबग आहे. पातळ्यांऐवजी विषय लावायचे असतील तर डीआरएमचा (लिनक्सच्या ग्राफिक्स-उपप्रणालीचा) डीबग पॅरामीटर हा चांगला नमुना आहे: गाभा १, ड्रायव्हर २, मोड-सेटिंग ४, ॲटॉमिक १६ अशा बिटांची बेरीज. 'पातळी ३' म्हणजे नक्की काय, हे कोणाला आठवत नाही.

आता तुमचा मुख्य त्रास, डीबग चालू केल्यावर पळून जाणारा दोष. सेकंदाला १० हजार इंटरप्ट आणि प्रत्येकी साठ अक्षरांची एक ओळ धरली तर सेकंदाला सहा लाख बाइट होतात. सिरियल याच्या पन्नासाव्या भागाइतकेही वाहून नेऊ शकत नाही. मूळचा १२८ केबीचा लॉग-बफर पाव सेकंदाच्या आत पुसला जातो. वर ज्या सीपीयूवर कन्सोल रिकामा होतो त्याचे वेळापत्रक बिघडते आणि दोन सीपीयूंमधली शर्यत (दोष घडायला लागणारी वेळेची गाठ) जुळून येत नाही. लॉग-बफर मोठा करून किंवा दर-मर्यादा लावून यावर इलाज होत नाही. दर-मर्यादा मुळात ५ सेकंदांत १० संदेश सोडते, ती इशाऱ्यांसाठी आहे. गरम मार्गावरच्या ओळी प्रिंटकेतून काढून ट्रेसपॉइंट (कोडमधल्या ट्रेससाठीच्या नोंद-जागा) करा. त्या प्रत्येक सीपीयूच्या स्वतंत्र बफरमध्ये जातात, कन्सोलची वाट पाहत नाहीत. तात्पुरत्या शोधासाठी ट्रेस_प्रिंटके चालेल, पण तो पाठवायच्या बिल्डमध्ये ठेवू नका. तो असला की कर्नल बूट होताना भली मोठी चौकट छापून हा डीबग कर्नल असल्याचे बजावतो.

असर्शन आणि ट्रेस यांना जोडणारा दुवा म्हणजे ट्रेसऑफ_ऑन_वॉर्निंग. तो १ करा, ट्रेसपॉइंट चालू ठेवा, दोषाची वाट पाहा. वॉर्न_ऑन_वन्स फसला त्या क्षणी ट्रेस थांबतो आणि आधीच्या काही मिलिसेकंदांत प्रत्येक सीपीयू काय करत होता ते शाबूत राहते. ऊप्सवर ट्रेस कन्सोलला ओतण्याची सोयही आहे, पण बफर आधी लहान करा. मूळ आकार दर सीपीयू १४०८ केबी असतो. आठ सीपीयूंचे ११ एमबी ११५२०० बॉडवरून जायला सतरा मिनिटे लागतात, आणि मजकुरात रूपांतर झाल्यावर आकार आणखी वाढतो.

बिल्ड तीन ठेवा. पहिल्यात केसॅन हा मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा तपासनीस, जो सावली-मेमरीसाठी (स्वतःच्या नोंदींसाठी) एकूण मेमरीचा आठवा भाग घेतो. दुसऱ्यात लॉकडेप, डीबग_ॲटॉमिक_स्लीप आणि तुमच्या महाग तपासण्या. तिसरे ग्राहकाचे: स्वस्त वॉर्न, डायनॅमिक डीबग, ट्रेसपॉइंट आणि केफेन्स (मेमरी-चुका नमुन्यादाखल पकडणारा). केफेन्स मूळ मांडणीत २५५ वस्तूंसाठी दोन एमबी घेतो आणि १०० मिलिसेकंदांना एक ॲलोकेशन पहाऱ्यात ठेवतो. लॉकडेपने स्पिनलॉकचा आकार ४ बाइटवरून कितीतरी पट वाढतो आणि तो असलेली सगळी स्ट्रक्ट बदलतात. म्हणून एका बिल्डचे मॉड्यूल दुसऱ्यात जबरदस्तीने लोड करू नका.

हे सगळे लावल्यावर ते खरेच काम करते का हे एलकेडीटीएम या मुद्दाम क्रॅश घडवणाऱ्या चाचणी-मॉड्यूलने तपासा. ते मॉड्यूल चालू करून डीबगएफएसमधल्या प्रोव्होक-क्रॅशच्या डायरेक्ट फाइलमध्ये आधी 'वॉर्निंग' आणि मग 'बग' लिहा. पहिल्यापुरते पॅनिक_ऑन_वॉर्न ० ठेवा, आणि त्यानंतर डीमेसेजमध्ये फाइल आणि ओळ दिसते का, ट्रेस थांबला का, टेंटमध्ये ५१२ (डब्ल्यूचा आकडा) आले का ते पाहा. दुसऱ्यासाठी पॅनिक_ऑन_ऊप्स १ ठेवा, आणि रीबूटनंतर पीस्टोअरमध्ये (रीबूटनंतरही टिकणाऱ्या लॉग-साठ्यात) नोंद किंवा केडंपमध्ये पूर्ण फाइल मिळते का ते पाहा. पीस्टोअर रिकामे निघाले तर रॅमऊप्सचा (पीस्टोअरसाठी रॅममध्ये लॉग ठेवणाऱ्या ड्रायव्हरचा) राखीव मेमरी-पट्टा फर्मवेअर बूट होताना पुसते का, हे पहिले तपासा. केडंप अर्धवट निघाले तर क्रॅश-कर्नलसाठी राखलेली मेमरी वाढवून पुन्हा तोच 'बग' लिहा.